रानपिंगळा

पिंगळा कोणाला ठाऊक नाही? तिन्हीसांजा झाल्या, गुरे गोठ्यात आली, चुली पेटल्या, की गावाजवळच्या वडावर नाही तर चिंचेवर चिर्रर्र-चिर्रर्र असा गलका सुरू होतो. एक ओरडतो, लगेच दुसरा ओरडतो. जणू नवराबायकोचे भांडणच जुंपले आहे. हा पिंगळा घुबडाच्या जातीचा, पण अंगाने साळुंकीएवढा. डोके वाटोळे, डोळे पिवळे, आणि अंगभर पांढरे ठिपके.

जुन्या माणसांना आणखी एक पिंगळा आठवत असेल. तो म्हणजे पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा जोशी. पिंगळा पक्ष्याची बोली आपल्याला कळते, असे सांगून तो पुढचे भविष्य सांगायचा. घरोघरच्या बायका त्याच्या झोळीत दाणे घालायच्या. असा हा पक्षी आपल्या घरादारात मुरलेला आहे. पण त्याची भीतीही लोकांना तेवढीच वाटते.

एकदा आमच्या वाचनवर्गात एका बाईंनी विचारले, "आमच्या दारच्या चिंचेवर रोज पिंगळा बसतो. सासूबाई महिनाभर आजारी आहेत. आमचे मालक म्हणतात, चिंचच तोडून टाकू. तर काय करावे?" वर्गात कोणी हसले नाही. उलट दोघीतिघींनी माना डोलावल्या. आम्ही म्हणालो, "बाई, सासूबाईंना दवाखान्यात न्या. चिंच राहू द्या. पिंगळा तुमच्या सासूबाईंकडे बघत नाही, तो किडे आणि उंदीर बघतो." पण नुसते एवढे सांगून मनातली भीती जात नाही, हे आम्हालाही कळते. एखाद्याची नीट ओळख झाली, की मग त्याची भीती कमी होते. म्हणून आज पिंगळ्याच्या एका चुलतभावाची हकिकत सांगतो. त्याचे नाव रानपिंगळा.

हा पक्षी जगात फक्त आपल्या भारत देशात आहे, आणि त्यातही बराचसा आपल्या सातपुड्यात. तो ११३ वर्षे कोणाही अभ्यासकाला दिसला नाही. तो नाहीसा झाला, असेच बहुतेकांनी धरले होते. आणि तो होता! भर दिवसा, कोवळ्या उन्हात, झाडाच्या शेंड्यावर बसून होता.

आधी दोघांतला फरक बघू. गावातला पिंगळा आणि रानपिंगळा दूरून सारखेच दिसतात. दोघेही वीतभर उंच. रानपिंगळा किंचित मोठा, सुमारे २३ सेंटिमीटर. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर स्वच्छ पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरेच, राखी-तपकिरी रंगाचे. त्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो, आणि त्याखाली पोट पांढरे शुभ्र. शेपटीवर आणि पंखांवर रुंद पांढरे पट्टे. डोके अंगाच्या मानाने मोठे आणि चोच दणकट. पायांवर पांढरी पिसे इतकी दाट, की पायमोजे घातल्यासारखे वाटते. बोटे जाड आणि नख्या बळकट. एकदा पकड घेतली, की भक्ष्य सुटायचे नाव नको.

आता त्याच्या हरवण्याची गोष्ट ऐका. मोठी मजेची आहे, आणि थोडी रागाचीही आहे.

१८७२ साली इंग्रजांच्या राज्यात ब्लूइट नावाच्या एका साहेबाला हा पक्षी प्रथम मिळाला. आजच्या छत्तीसगड राज्यात फुलझर म्हणून भाग आहे, तिथे. त्याने तो ह्यूम साहेबांकडे पाठवला. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला, तेच हे ह्यूम. त्यांना पक्ष्यांचा फार नाद होता. हा पक्षी वेगळ्या जातीचा आहे असे ओळखून त्यांनी १८७३ साली त्याला ब्लूइटच्या नावावरून शास्त्रातले नाव दिले. त्यानंतर डेव्हिडसन नावाचा दुसरा एक साहेब आपल्या खानदेशात नोकरीला होता. त्याने १८८० ते १८८४ या वर्षांत खानदेशच्या रानात काही रानपिंगळे मिळवले. त्या काळी दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते. पक्षी गोळी घालून मारायचा, आतले मांस काढायचे, कातड्यात कापूस भरायचा, टाके घालून शिवायचे, पायाला चिठ्ठी बांधायची आणि संग्रहालयात ठेवायचे, अशी रीत होती. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याची अशी सातच कातडी होती.

१८८४ नंतर मात्र काही नाही. पुढे कितीतरी जण शोधून दमले. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन मित्र रिप्ले यांनीही शोध केला. त्यांनाही तो दिसला नाही.

यात एका लबाडीने आणखी घोटाळा केला होता. माइनर्त्झहागेन नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी होता. पक्ष्यांच्या जगात त्याचे नाव फार मोठे. आपण १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी गावाजवळ एक रानपिंगळा मारला, असे त्याने लिहून ठेवले होते. त्याचे कातडेही संग्रहालयात होते. मग लोक साहजिकच म्हणत, की हा पक्षी १९१४ पर्यंत तरी होता आणि तो तिकडे मांडवीला बघावा.

पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंना याचा संशय आला. त्या पक्ष्यांच्या कातड्यांच्या जाणकार. त्यांनी ते कातडे बारकाईने तपासले. त्याचा क्ष-किरण फोटो काढला, दवाखान्यात हाड मोडल्यावर काढतात तसा. आता बघा, गावात दोन शिंपी असले, तर कोणता सदरा कोणी शिवला हे टाक्यांवरून सांगता येते की नाही? तसेच इथे झाले. कापूस भरायची आणि शिवायची पद्धत डेव्हिडसनची निघाली! म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी या अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरला, वरवर पुन्हा शिवला, आणि स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली. रासमुसेनबाई आणि त्यांचे सहकारी कॉलर यांनी १९९९ साली ही चोरी छापून उघड केली. तोवर तो अधिकारी मरून ३२ वर्षे झाली होती. एका माणसाला मोठेपणा हवा म्हणून केलेल्या खोट्या नोंदीने एवढी वर्षे सगळे फसले. नोंद करताना खरी करावी लागते ती याचसाठी. मग ती पक्ष्याची असो, नाही तर सातबाराची.

मांडवीची नोंद खोटी आहे हे ध्यानात आल्यावर रासमुसेनबाईंनी ती बाजूला ठेवली. ज्या जागा खऱ्या होत्या, तिथेच शोधायचे ठरवले. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सोबत्यांना घेऊन भारतात आल्या. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली. काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी त्यांना उघड्या झाडावर एक पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके नाहीत. पोट पांढरे. पाय पिसांनी भरलेले. रानपिंगळाच तो! शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ ला झाला.

आमच्या मनात येते, की त्या रानात भिल्ल आणि पावरा मंडळी पिढ्यान्पिढ्या राहतात. रान त्यांच्या पायाखालचे. आणि शोध लागला तो सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यांच्या नावावर. यात पाहुण्यांचा दोष नाही, त्यांनी कष्ट केले. पण रानातल्या माणसाने पाहिलेले रानातच राहते, कागदावर येत नाही. लिहिता येऊ लागल्यावर तरी ते यावे, असे आम्हाला वाटते.

तर इतकी वर्षे तो दिसला का नाही? एक कारण खोट्या नोंदीचे झाले. दुसरे असे, की घुबडाला आपण 'दिवाभीत' म्हणतो. दिवसाला भिणारा तो दिवाभीत. म्हणून घुबड शोधायचे तर रात्री, असे कोणालाही वाटेल. पण हा पठ्ठ्या दिवसाचा पक्षी. रात्री नव्हे, तर बहुतेक सकाळी तो हिंडतो-फिरतो. थंडीच्या दिवसांत पान झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर उन्हाला बसतो, आपण ओट्यावर बसतो तसा. तिसरे कारण म्हणजे गावचा पिंगळा. तो जागोजाग असल्यामुळे, दिसला पिंगळा की माणूस दुसऱ्यांदा बघतच नाही.

१९९८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या जुन्या संस्थेच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी या अभ्यासकांनी तोरणमाळच्या रानात राहून त्याची दिनचर्या पाहिली. त्यामुळे आज आपल्याला त्याच्या संसाराची बरीच माहिती आहे.

शिकारीच्या वेळी तो फांदीवर बसून खाली जमिनीकडे बघतो. बघता बघता शेपटी झटझट डावीउजवीकडे उडवतो. नजर टिपली, की एकदम खाली झेप घेतो. त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त सरडे, पाली आणि सापसुरळ्या असतात. मग उंदीर, बेडूक, किडे, नाकतोडे. लहान पक्षी अगदी क्वचित. तेव्हा हा कोंबडीची पिल्ले नेतो, असे कोणी म्हटले तर ते खरे धरू नका.

घुबडाचे डोळे आपल्यासारखे खोबणीत फिरत नाहीत. ते समोरच रोखलेले असतात. बाजूला बघायचे तर पूर्ण मान वळवावी लागते. आपल्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४. त्यामुळे ते मान इतकी वळवते, की चेहरा पाठीवर येऊन पुढे आणखी खांद्याकडे वळतो. माणसाला वाटते, 'हे आपल्यावर डोळा ठेवून आहे, यात काहीतरी भुताटकी आहे.' भुताटकी कसली? डोळा हलत नाही म्हणून मान हलवते, एवढेच. आणखी एक गोष्ट. घुबड लहान भक्ष्य सगळेच गिळते. हाडे, केस पचत नाहीत. त्याची गोळी करून ते तोंडातून बाहेर टाकते. झाडाखाली अशा राखी गोळ्या सापडल्या आणि त्या काडीने फोडल्या, तर आत उंदराचे दात दिसतील. कोणी करणी करून टाकलेली ती वस्तू नव्हे, बरे का.

विणीचा हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. नरमादीची जवळीक जानेवारी-फेब्रुवारीत भराला येते. त्यांची हाक आखूड आणि मऊ असते. गावच्या पिंगळ्यासारखा कचकचाट त्यात नसतो. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती ढोलीत बसते आणि नर शिकार आणून तिला देतो. पिल्ले निघाल्यावर मादी त्यांना भरवते. महिनाभरात, म्हणजे ३० ते ३२ दिवसांत, पिल्ले ढोलीबाहेर येतात. कधी कधी नर आपलेच पिल्लू खातो, असेही अभ्यासकांना दिसले. वाचून वाईट वाटते, पण दिसले ते लिहायलाच हवे.

आता ढोलीकडे येऊ. सगळे अडते ते इथेच. रानपिंगळा घरटे बांधत नाही. त्याला काटक्या रचता येत नाहीत आणि सुतारपक्ष्यासारखे लाकूडही पोखरता येत नाही. फांदी मोडून खोड कुजले, किंवा सुतारपक्ष्याने भोक पाडून सोडून दिले, तरच त्याला घर मिळते. कोवळ्या झाडाला ढोली नसते. सरळ वाढलेल्या तरण्या सागालाही नसते. ढोली लागते मोईसारख्या मऊ लाकडाच्या जुन्या झाडाला. आणि त्या एका ढोलीवर पोपट, साळुंकी, गावपिंगळा, अशा सगळ्यांचा डोळा असतो. शहरातल्या भाड्याच्या खोलीसारखी गत!

असले जुने, पोकळ, अर्धे वाळलेले झाड माणसाच्या हिशेबी निरुपयोगी. सरपणाला तोडायचे तर तेच आधी तोडतात. हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावली तर चार लोक बोलतील, वाळक्याला लावली तर कोणी बोलत नाही. चूल पेटवायला लाकूड लागते, हे आम्हाला का कळत नाही? डोक्यावर मोळी घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईला 'तोडू नको' म्हणणे सोपे आहे. म्हणून आम्ही एवढेच म्हणतो, की खाली पडलेल्या काटक्या आणि फांद्या न्या, पण उभ्या खोडाला वर भोक दिसत असेल तर ते झाड सोडून पुढे जा. पोकळ लाकूड जळायलाही फार येत नाही. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हाही वारा बघा आणि आग विझल्याशिवाय जागा सोडू नका. वाळक्या पोकळ खोडाला ठिणगी लागली, तर ते आतून भट्टीसारखे पेटते. त्यात अंडी असली काय आणि पिल्ले असली काय.

दारच्या चिंचेचेही तेच. त्या बाईंच्या चिंचेलाही ढोली होतीच. नाही तर पिंगळ्याची जोडी रोज तिथे कशाला राहिली असती? गावच्या पिंगळ्याला वड, चिंच, आंबा, जुनी भिंत, काहीही चालते. एक झाड गेले तर तो दुसरीकडे जाईल. रानपिंगळ्याला तसे करता येत नाही. त्याला रानच लागते.

दुसरे संकट माणसाच्या मनातले. कोणी घुबडाला अशुभ म्हणून दगड मारतो. कोणी अमावास्येच्या रात्री गुप्तधनासाठी, करणीसाठी घुबड पकडून त्याचा बळी देतो. दिवाळी जवळ आली की घुबडांची चोरटी विक्री वाढते. ज्याला लक्ष्मीचे वाहन म्हणायचे, त्यालाच लक्ष्मी मिळावी म्हणून मारायचे, हा कुठला न्याय? बळी देऊन कोणाच्या घरी धन आले, ते आम्हाला तरी अजून कोणी दाखवलेले नाही. तुरुंग मात्र मिळतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड मारणे, पकडणे, विकणे हा गुन्हा आहे. रानपिंगळा तर त्या कायद्याच्या पहिल्या यादीत आहे, वाघाच्या पंक्तीत. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षे कैद आणि वर दंड.

शोध लागल्यानंतर माहीतगार माणसे आणखी ठिकाणी बघू लागली. मेळघाटात तो सापडला. जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या रानात, मध्य प्रदेशात खंडव्याकडे आणि गुजरातेत डांगच्या रानातही सापडला. २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात दिसला. ज्या तलावाचे पाणी मुंबई पिते, त्याच तानशाच्या रानात! तिथे तो असेल असे आधी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. या नव्या जागांमुळे २०१८ साली जागतिक संघटनेने त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून काढून 'संकटग्रस्त' वर्गात घातले. आजार बरा झाला असे नव्हे. रोगी खाटेवरच आहे, फक्त जरा उठून बसला आहे. पुरती वाढ झालेले पक्षी सगळे मिळून हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

तुम्ही सातपुड्याच्या, मेळघाटाच्या नाही तर ठाणे-पालघरच्या रानाजवळ राहत असाल, तर तुम्हालाही तो दिसू शकेल. थंडीत, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, पाने झडलेल्या झाडांचे शेंडे बघत चला. पिंगळा दिसला तर लांबच थांबा. डोके कोरे आहे का ठिपक्यांचे, पोट पांढरे आहे का, पाय पिसांनी भरलेले आहेत का, एवढे तीन बघा. झाडावर चढू नका, ढोलीत हात घालू नका. घरी आल्यावर वहीत तारीख, वेळ, जागा आणि झाडाचे नाव लिहा, आणि वनरक्षकाला दाखवा. पक्षी नीट दिसला नसेल, तर 'नीट दिसला नाही' असेही लिहा.